घरं उलटी करून पाहणारी बाई

लव्हॉन हॉगस्टॅडला नाताळगाववाल्यांच्या, म्हणजे नाताळासाठी चिनी मातीच्या घरांचं छोटं गाव मांडणाऱ्या हौशी लोकांच्या, संमेलनात सगळे ओळखत, पण तिच्याकडे आता नाताळगाव उरलं नव्हतं. दर जुलैमध्ये ती नवऱ्याला घेऊन ला क्रॉस शहरातल्या त्या नदीकाठच्या हॉटेलात यायची. टेबलांवर मांडलेली चिनी मातीची घरं एकेक करून उचलायची, उलटी करून तळ बघायची आणि हलक्या हाताने परत कापसाच्या बर्फावर ठेवून द्यायची. विकत काही घ्यायची नाही. नवख्यांना वाटे, बाई मोठी जाणकार दिसते, तळाचा शिक्का वाचून अस्सल-नक्कल ओळखते. जुन्या मंडळींनी मात्र तिचं नावच पाडलं होतं.

"आली बघा तळवाली!" दारातल्या टेबलावर बिल्ले वाटणारी म्हातारी म्हणाली. "ऑरिन, अरे हिला एखादं घर तरी घेऊन दे की यंदा!"

"घेतो ना," ऑरिन म्हणाला. "पण आधी हिला खालून पसंत पडायला हवं. चाळीस वर्षांपूर्वी मला कसं पसंत केलं, देवाला ठाऊक."

म्हातारी खो खो हसली. ऑरिनच्या गळ्यात त्याचा दरवर्षीचा टाय होता. त्यावरच्या हरणाचं नाक बॅटरीवर लाल लुकलुकायचं. ऑरिन उंच, खांद्यात वाकलेला. सगळी हयात त्याने मिनेसोटातल्या नॉर्डल गावच्या धान्याच्या कोठारावर काढली होती. लव्हॉनची पिशवी त्याच्या खांद्याला आणि छोटी विजेरी त्याच्या खिशात असे. तळ अंधारात आला की तो न सांगता उजेड धरायचा.

बाहेर मक्याची शेतं उन्हाने तापून निघाली होती. आत मात्र यंत्रं इतका गारवा सोडत होती की बायका लोकरीचे स्वेटर घालून हिंडत होत्या. हॉलभर छोटी छोटी गावं उजळली होती. चर्च, बेकरी, गोठलेल्या तळ्यावर घसरणारी बोटाएवढी पोरं. ती गावं मांडणारी माणसं मात्र दरसाल म्हातारी होत चालली होती. कुणी काठी टेकत, कुणी प्राणवायूची नळी नाकात घालून. एका टेबलावरची बाई शेजारणीला सांगत होती, "माझी लेक म्हणते, आई, तू गेलीस की हे सगळं गाव कचऱ्यात. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंस, मग मी जातच नाही."

लव्हॉन हसली नाही. ती पहिल्या रांगेपासून सुरू झाली.

ती काय शोधते ते ऑरिनशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचंही एक गाव होतं. मुलगा ट्रॅव्हिस पाळण्यात असताना तिने पहिलं घर आणलं आणि मग दर नाताळला एकेक घर वाढत गेलं. ट्रॅव्हिस थोडा मोठा झाल्यावर गावाचा कारभार त्यानेच हाती घेतला. कुठल्या घरात कोण राहतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, पाद्रीबुवा लपून बिअर कुठे पितात, सगळं तो ठरवायचा. आणि आपलं गाव दुसऱ्या कुणाच्या गावात मिसळू नये म्हणून आईची लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येक घराच्या तळाला त्याने आपल्या नावाचा वेडावाकडा इंग्रजी 'टी' काढून ठेवला होता.

पुढे ट्रॅव्हिस मांसाच्या कारखान्यात कामाला लागला. तिथे पाठ धरली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पाठ राहिली बाजूला, गोळ्यांनीच त्याला धरलं. गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा त्याने सुई जवळ केली. एका हिवाळ्यात लव्हॉन आणि ऑरिन तिच्या बहिणीच्या अंत्यविधीला गेले होते. परत येऊन पाहतात तो तळघरातली खोकी गायब. सबंध गाव गेलं होतं. चार दिवसांनी ट्रॅव्हिस दारात आला. आत घ्यायचं सोडून ऑरिन उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "ज्या हाताने आईला लुटलंस ना, तो हात या दाराला पुन्हा लावू नकोस," असं काहीतरी तो बोलला. लव्हॉन मागे स्वयंपाकघरात होती. ती बाहेर येईपर्यंत पोरगा रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाला होता.

त्यानंतर त्याचा पत्ता लागला नाही. फोन बंद झाला, मित्र कानावर हात ठेवू लागले. लव्हॉनच्या मनाने घेतलं की घरं कुठेतरी विकली असणारच, आणि विकली असतील तर कधी ना कधी या संमेलनात येणारच. घर मिळालं की विकणारा मिळेल, विकणारा मिळाला की त्याला कुणी विकलं ते कळेल. असं मागे मागे जात राहिलं तर टोकाला ट्रॅव्हिस उभा असेल. लोकांना देव असतो, तिला हा धागा होता.

दुपारच्या जेवणाआधी ती शेवटच्या रांगेला आली. ऑरिन कॉफी आणायला गेला होता. तिथे एक लठ्ठ, हसऱ्या तोंडाची बाई बसली होती. तिच्या बिल्ल्यावर वांडा प्रोहास्का आणि खाली आयोवा लिहिलं होतं. टेबलावर एक अख्खं गाव आणि बाजूला वेगळं काढलेलं एकच घर. न्हाव्याचं दुकान. दाराशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब. खांबाचा वरचा तुकडा तुटून डिंकाने चिकटवलेला.

लव्हॉनने ते उचललं. उलटं केलं.

लाल रंग ओरखड्यांनी निम्मा गेला होता, पण 'टी' तोच होता. आडवी रेघ एका बाजूला उतरलेली, कारण ती काढताना ट्रॅव्हिस पोटावर पडला होता आणि कुत्रा त्याचा कान चाटत होता.

"ते विकायचं नाही हं!" वांडा म्हणाली. "बाकी काहीही न्या. ते नुसतं दाखवायला आणलंय."

"कुठे मिळालं?" लव्हॉनचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"त्याची मोठी गोष्टच आहे. बसा ना, उभ्या का?" वांडाने खुर्ची पुढे सरकवली. अशा गोष्टी सांगण्यासाठीच तर ही मंडळी संमेलनाला येत. "माझी मावसबहीण डब्यूकला खोल्या भाड्याने देते. तिच्याकडे एक मुलगा राहायचा. मुलगा म्हणजे, तिशी उलटलेला असेल. नशापाणी करणारा, पण शब्दाने वाईट नाही. हिचा कचरा बाहेर नेऊन ठेवायचा, बर्फ ओढायचा. त्याच्या खोलीत खाट, एक पेटी आणि खिडकीत हे घर, एवढंच. बाराही महिने आत दिवा लावलेला. बहीण म्हणायची, अरे बाबा, उन्हाळ्यात कसला नाताळ? तर म्हणायचा, आत माणसं आहेत, त्यांना अंधारात कसं ठेवू?"

लव्हॉनच्या अंगावर सरसरून काटा आला. चेहरा मात्र उजळला. किती वर्षांनी तिने त्याचं बोलणं ऐकलं होतं, दुसऱ्याच्या तोंडून का होईना. "अजून तिथेच आहे तो?" तिने विचारलं. "डब्यूकला?"

"अहो, गेला की बिचारा! दोन हिवाळे झाले. सकाळी दार उघडेना, म्हणून बहिणीने किल्लीने उघडलं." वांडाने छातीवर क्रूस काढला. "पाकिटात त्याच्या बापाच्या कामाच्या ठिकाणचा नंबर होता. बाप आला. उंचच्या उंच, वाकलेला. खाटेवर बसून राहिला म्हणे कितीतरी वेळ. मग मुलाचं ब्लँकेट घडी घालून काखेत घेतलं आणि म्हणाला, बाकी तुम्ही ठेवा. बहीण म्हणाली, अहो, हे घर तरी न्या, आईला आवडेल. तर म्हणाला, नको, ते बघितलं तर ती जगायची नाही. ऐकून मला इतकं—" वांडा थांबली. "बाई? अहो, पाणी देऊ का? तुम्हाला बरं नाही का?"

हॉलच्या त्या टोकाला ऑरिन दोन्ही हातांत कॉफी घेऊन कुणाशी तरी विनोद करत होता. टायवरच्या हरणाचं नाक लुकलुकत होतं. लव्हॉनने त्याच्याकडे पाहिलं. वांडाने तिची नजर जाते तिकडे पाहिलं. मग उंचच्या उंच, वाकलेल्या त्या माणसाकडे ती पाहतच राहिली आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

लव्हॉन उठली. दुकान टेबलावर नीट ठेवलं. सगळा हॉल ओलांडून ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ट्रॅव्हिसला कुठे ठेवलंयस?"

ऑरिन हसतच वळला होता. ते हसू काही क्षण तसंच चेहऱ्यावर राहिलं, जसं मेलेल्या माणसाच्या मनगटावर घड्याळ चालू राहतं. मग त्याने दोन्ही कप जवळच्या टेबलावर, कुणाच्या तरी मांडलेल्या बर्फातच टेकवले.

"बाहेर चल," तो म्हणाला.

"इथेच सांग."

"लव्हॉन, हात जोडतो. बाहेर चल."

गाड्या उभ्या करायच्या आवारात डांबर वितळत होतं. दोघं त्यांच्या पिकअप गाडीच्या सावलीत उभी राहिली.

"फोन कोठारावर आला," ऑरिन म्हणाला. "मी मासे धरायला जातो म्हणून तुला सांगितलं होतं, आठवतं? तेव्हा गेलो. तिथल्याच दफनभूमीत ठेवलं. पाद्री बोलावला होता. अगदीच उघड्यावर नाही टाकलं गं."

"आणि घरी येऊन मला काय सांगितलंस?"

"सांगणार होतो. दारातून आत आलो तर तू फोमचा डोंगर कापत बसली होतीस. गाव परत मिळालं तर ठेवायला म्हणून. गुणगुणत होतीस. म्हटलं, आज नको, उद्या. उद्या म्हटलं परवा. मग आठवडा झाला, आणि मग मेल्याचं सांगायचं तर इतके दिवस गप्प का बसलो तेही सांगावं लागणार होतं. मला जमलं नाही."

"मागच्या वर्षी मी इथे घरं उलटी करत होते," लव्हॉन म्हणाली. "आणि तू विजेरी धरून उभा होतास."

ऑरिनने खिशातली विजेरी बाहेरूनच चाचपली.

"आजही पिशवी उचललीस माझी. टाय घातलास."

"शोधत होतीस म्हणून तर तू सकाळी उठत होतीस. जेवत होतीस. ते थांबलं असतं तर तू जगली असतीस का?"

"मला जगवायला कोणी सांगितलं होतं तुला?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. बाजूने स्वेटर काखेत मारलेली दोन माणसं गेली, "काय उकाडा आहे!" म्हणाली, आणि ऑरिनने सवयीने मान हलवली.

"त्याने कधी फोन केला होता?" तिने विचारलं.

ऑरिन खाली डांबराकडे बघत राहिला.

"ऑरिन."

"एकदा. तो गेला त्याच्या आदल्या हिवाळ्यात. तू चर्चमध्ये होतीस."

"काय म्हणाला?"

"बाबा, नाताळला घरी येऊ का, म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, आधी ते सगळं सोड. सोडलंस की ये. पुढच्या वर्षी ये." ऑरिनचं तोंड वाकडं झालं. "तो म्हणाला, बरं. नुसतं बरं म्हणाला. भांडला असता तर मी ये म्हटलं असतं गं. देवाशप्पथ म्हटलं असतं."

लव्हॉनने एक हात गाडीच्या पत्र्यावर टेकला. पत्रा भाजत होता तरी तिने तो काढला नाही. ऑरिनने तिचा हात उचलायला हात पुढे केला, तशी ती मागे सरली आणि पुन्हा हॉटेलात गेली.

वांडा खुर्चीत बसून रडत होती. लव्हॉनला पाहताच उठली. "अहो, माझी जीभ झडो! मला काय माहीत—"

"तुम्ही सांगितलं नसतं तर कुणीच सांगितलं नसतं," लव्हॉन म्हणाली. "मला डब्यूकच्या दफनभूमीत घेऊन चला. नवऱ्याच्या गाडीत मी बसणार नाही."

वांडाने टेबलावर नुसती चादर टाकली, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि किल्ल्या घेतल्या. निघताना तिने न्हाव्याचं दुकान कागदात गुंडाळून लव्हॉनच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुमचंच आहे. मी कोण ठेवणारी?"

नदीच्या कडेकडेने रस्ता दक्षिणेला जात होता. मागे आरशात ऑरिनची गाडी दिसत होती. दोन-तीन गावं मागे पडली. मग वांडाच्याने राहवेना. "बहिणीकडे जायचं का आधी? खोली बघायची असेल तर?"

"आता कोण राहतं तिथे?"

"एक नर्सिंगची मुलगी."

"मग काय बघायचं?" लव्हॉनने मांडीवरचं पुडकं मागच्या सीटवर ठेवलं. "हेही तुमच्याकडेच असू द्या. मी घरी नेलं तर मला त्यात दिवा लावावा लागेल. आता तेवढं माझ्यात नाही."

डब्यूकच्या बाहेर टेकाडावर दफनभूमी होती. पुढच्या बाजूला देवदूत आणि संगमरवर, आणि मागे कुंपणाशी, ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी, जमिनीत बसवलेल्या सपाट फरश्या. वांडाला जागा ठाऊक नव्हती. दोघी वाकून वाकून फरश्या वाचत फिरल्या. शेवटी ऑरिननेच, फाटकाजवळ उभा राहून, हात लांब करून दाखवलं.

फरशीवर गवत चढलं होतं. नाव बरोबर लिहिलं होतं. ट्रॅव्हिस ऑरिन हॉगस्टॅड. लव्हॉन गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी गवत उपटू लागली. आपल्याला रडू येईल असं तिला वाटत होतं. ते आलं नाही. मातीखाली कोण आहे हे तिच्या मनाला पटतच नव्हतं. तिने मनात इतकी वर्षं जो मुलगा जिवंत ठेवला होता, तो थोडा जाड झाला होता, एखाद्या गॅरेजमध्ये काम करत होता, एका बऱ्या मुलीशी त्याचं जमलं होतं. त्या मुलाचं काय करायचं? त्याला कुठे पुरायचं?

ऑरिन हळूहळू जवळ येत होता. पावलांचा आवाज ऐकून ती न वळता म्हणाली, "तिथेच थांब. त्याचं जे करायचं ते तुझं केव्हाच झालंय करून."

तो थांबला. टाय त्याने केव्हाच काढला होता. उन्हात टोपी हातात धरून तो उभा राहिला. मागे वांडा दुसऱ्याच कुणाच्या तरी थडग्याशी तोंड फिरवून उभी होती. त्या नवरा-बायकोत आपण असू नये हे तिला कळत होतं, आणि जायचं कुठे ते कळत नव्हतं.

सूर्य कलला तशी वांडा म्हणाली, "माझ्याबरोबर परत येता का संमेलनाला? रात्री टर्कीचं जेवण आहे." बोलल्यावर तिची तिलाच शरम वाटली.

"नको," लव्हॉन म्हणाली. "तुम्ही जा. फार केलंत."

वांडाने तिला मिठी मारली. लव्हॉन लाकडासारखी उभी राहिली. वांडाची गाडी टेकाड उतरून गेली आणि मग घरी जायला एकच गाडी उरली. तिच्यात बसणार नाही असं लव्हॉन म्हणाली होती खरं. आता ती दार उघडून बसली. पट्टा लावला.

मिनेसोटाच्या वाटेवर पेट्रोल भरायला ऑरिन थांबला. "काही खाशील?" त्याने विचारलं. ती खिडकीकडे वळली. "कॉफी तरी आणतो," म्हणून तो दुकानात गेला. किल्ली गाडीतच होती.

लव्हॉन सरकून स्टिअरिंगमागे बसली. मोठ्या रस्त्यावर तिने कित्येक वर्षांत गाडी चालवली नव्हती. तिने ती सुरू केली आणि निघाली. कुठे ते ठरलं नव्हतं. बहीण राहिली नव्हती. नॉर्डलच्या घरी तळघरात फोमचा डोंगर होता, वर शेगडी, दोन खुर्च्या. डब्यूकला खोलीत नर्सिंगची मुलगी होती. दोन्ही बाजूंनी मका उभा होता, आणि प्रत्येक फाट्यावर ती थोडी हळू होई, पाटीवरचं गाव वाचे, आणि त्या गावात आपलं कोणीही नाही हे लक्षात येऊन पुढे जाई. एका फाट्यावर मागच्या ट्रकवाल्याने जोरात भोंगा वाजवला. तिने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तेव्हाही रडू आलं नाही. नुसता घशातून एक आवाज निघाला, गुरं काढतात तसा. तो बराच वेळ निघत राहिला. मग तिने गाडी वळवली.

ऑरिन पंपाशेजारी पायरीवर बसला होता. दोन्ही बाजूंना कॉफीचे दोन कप. तो कुणाला फोन करत नव्हता, रस्त्याकडेही बघत नव्हता. गाडी समोर थांबली तेव्हा त्याने मान वर केली.

"कुठे गेली होतीस?"

"कुठेच नाही," लव्हॉन म्हणाली, आणि पुन्हा पलीकडच्या सीटवर सरकून बसली.